दाभोळच्या धक्क्यावर

श्रोतेहो, दापोलीकडून गुहागरास जावयाचें म्हणजे वासिष्ठीची खाडी आडवी येते. रस्त्याचा लांब वळसा टाळावयाचा, तर दाभोळच्या धक्क्यावरून फेरीबोटीनें पलीकडे धोपाव्यास उतरावें. गेल्या हिवाळ्यांत मी तेथें पोहोंचलों, तों बोट नुकतीच सुटली होती. निवृत्त शिक्षकास मोकळा वेळ सांपडला कीं त्याचीं पावलें जुन्या दगडांकडे वळतात.

धक्क्याच्या जवळच सतराव्या शतकांतील एक भव्य मशीद आहे. मोठा घुमट, चार मिनार आणि घडण विजापुरी. विजापूरची एक राजकन्या मक्केस निघाली असतां येथें अडकली व यात्रेचा पैसा तिनें या कामीं वेंचला, असें लोक सांगतात. कथा खरी असो वा नसो. मक्केची वाट दाभोळावरून जात असे, एवढें सत्य तींत आहेच.

बहामनी राज्याचें हें थोर बंदर. दख्खनच्या लढाया घोडदळावर चालत आणि उत्तम घोडा समुद्रापलीकडून येई. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकांत एक घोडा विकावयास हिंदुस्थानांत आला आणि परततांना दाभोळासच जहाजावर चढला.

१५०८ च्या मार्चांत चौलजवळ इजिप्त व गुजराथ यांच्या आरमारांनीं पोर्तुगीजांस हरविलें. त्यांत व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मैदा याचा पुत्र लोरेन्सु पडला. सूड घेण्यास निघालेला बाप डिसेंबरअखेर दाभोळावर येऊन कोसळला. वैरी इजिप्तचे व गुजराथचे. दाभोळ तर विजापूरच्या आदिलशाहीचें! तरी शहर लुटलें, जाळलें. बायकामुलांचीहि गय झाली नाहीं. पुढें ३ फेब्रुवारी १५०९ रोजीं दीवची लढाई त्यानें जिंकली.

येथें मला एक कबुली द्यावयाची आहे. दीवच्या लढाईचा सन मीं वर्षानुवर्षें मुलांकडून घोकून घेतला. तिच्या अवघे पांच आठवडे आधीं आपल्याच किनाऱ्यावर काय घडलें, हें मात्र एकदांहि सांगितलें नाहीं. मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. परीक्षेंत विचारीत नसत, इतकेंच. विजय लक्षांत ठेवावयाचा आणि त्याच्या वाटेंत चिरडलेलें शहर गाळावयाचें, हा धडा मीं नकळत शिकविला.

आगीनें मात्र दाभोळ मेलें नाहीं. ज्या गांवीं त्यानंतर दीडशें वर्षांनीं अशी मशीद उभी राहते, त्या गांवांत ऐपत उरलेली असते. परंतु १५१० मध्यें गोवें घेतल्यावर घोड्यांचीं जहाजें तेथेंच लागावींत असा बंदोबस्त पोर्तुगीजांनीं केला, आणि पुढें मुंबईनें उरलासुरला व्यापार ओढून नेला. जळालेलीं घरें माणसें पुन्हां बांधतात. जहाजें फिरकेनाशीं झालीं, म्हणजे बांधावयाचें तें कशासाठीं?

बोट लागली. मोटारी चढल्या, भोंगा झाला. शेजारीं उभ्या असलेल्या एका शाळकरी मुलानें विचारलें, "आजोबा, ही मशीद किती जुनी?" मीं मशिदीपासून प्रारंभ करून मागें मागें जात १५०८ पर्यंत आलों, तों धोपावें आलें. त्याच्या डोळ्यांत "मग?" हा प्रश्न तसाच राहिला. इतक्या वर्षांच्या नोकरींत तो प्रश्न मीं फार थोड्या डोळ्यांत पाहिला होता.

तेव्हां श्रोतेहो, दाभोळास आपली बोट चुकली, तर फार वाईट वाटूं देऊं नका.