पैसे कटले, पण पोहोचले नाहीत! बँकेच्या ॲपवर आपण नेमके कशामुळे वैतागतो?

समजा, रिसोडच्या कृषी केंद्रात तुम्ही बियाण्याचे 2,400 रुपये यूपीआयने भरले. खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला, पण दुकानदाराचा साउंडबॉक्स गप्प. मागे रांग. आता पुन्हा भरायचे का?

राग ॲपवर निघतो. पण ॲपच्या मागे तुमच्या बँकेचा सर्व्हर, एनपीसीआयची यंत्रणा आणि दुकानदाराची बँक अशी साखळी असते. एक कडी अडकली की व्यवहार 'पेंडिंग'. एनपीसीआय बँकनिहाय आकडे जाहीर करते. यंत्रणेच्या बिघाडाने अडलेला व्यवहार म्हणजे 'टेक्निकल डिक्लाइन'. पिन चुकला किंवा शिल्लक नसली, तर 'बिझनेस डिक्लाइन'.

अशा यंत्रणांवर लोक खूश का असतात किंवा नसतात, याचं एक गाजलेलं मॉडेल विल्यम डीलोन आणि एफ्राइम मॅक्लीन यांनी 1992 मध्ये मांडलं. यंत्रणा नीट चालते का आणि माहिती नेमकी मिळते का, हे त्यांचे दोन निकष. 2003 मध्ये त्यांनी तिसरा जोडला: अडल्यावर मदत मिळते का?

यंत्रणेच्या बाबतीत आरबीआय कडक झालेली दिसते. डिजिटल सेवा वारंवार बंद पडल्यावर डिसेंबर 2020 मध्ये तिने एचडीएफसी बँकेला नवी क्रेडिट कार्डं द्यायला मनाई केली होती. दुर्लक्ष होतं ते माहितीकडे. 'काहीतरी चुकलं, नंतर प्रयत्न करा' एवढ्यावरून पैसे अडकलेत की गेलेच नाहीत, हे कसं कळणार? (तेही अनेकदा इंग्रजीत!) मग माणूस दोनदा पैसे भरतो.

2018 पासून वाशीम केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. तिथे आर्थिक समावेशनही मोजलं जातं. पण खातं उघडलं तरी अडकलेल्या पैशांसाठी तालुक्याच्या शाखेत खेटे घालावे लागले, तर दिवसाची मजुरी बुडते.

म्हणून आरबीआयचा 20 सप्टेंबर 2019 चा नियम माहीत हवा. पैसे कटूनही दुकानदाराला व्यवहार झाल्याचं कळलं नाही, तर व्यवहारानंतर 5 दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. व्यक्तीच्या खात्यात पाठवलेले पोहोचले नाहीत, तर दुसऱ्याच दिवशी. उशीर झाला की दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही तक्रारीची वाट न पाहता. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही, तर आरबीआयच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी 14448 वर फोन करा. त्यासाठी व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर नंबर आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा.