स्पिनर (आर्केड नियंत्रक)

स्पिनर हे व्हिडिओ गेम खेळण्याचे एक नियंत्रण साधन आहे. त्याची मूठ कोणत्याही दिशेला अमर्याद फेरे फिरवता येते. हालचाल एकाच अक्षावर नोंदवली जाते, म्हणजे डावीकडे किंवा उजवीकडे. टेंपेस्ट, ट्रॉन आणि अर्कनॉइड हे जुने आर्केड खेळ याच साधनासाठी रचलेले होते. जॉयस्टिक बहुधा केवळ दिशा सांगते; स्पिनर दिशेबरोबर अंतर आणि वेगही सांगतो. त्यामुळे हे खेळ जॉयस्टिकवर सुरू होतात, पण मूळ अचूकतेने खेळता येत नाहीत. घरगुती आर्केड कॅबिनेट बांधणाऱ्यांना स्पिनरची निवड महत्त्वाची वाटते ती याच कारणाने.

पॅडल आणि स्पिनर

अटारीच्या पाँग (१९७२) आणि ब्रेकआउट (१९७६) या खेळांत पॅडल हे साधन होते. पॅडलमध्ये पोटेन्शिओमीटर असतो. त्याची मूठ ठरावीक कोनापर्यंतच फिरते आणि मुठीची प्रत्येक जागा पडद्यावरील एका निश्चित जागेशी जुळते. स्पिनरला आरंभ आणि शेवट नसतो. तो आपली जागा सांगत नाही, तर मागील नोंदीनंतर किती फिरला एवढेच सांगतो.

तिसरा प्रकार फिरत्या दांड्याच्या जॉयस्टिकचा आहे. एसएनके कंपनीच्या इकारी वॉरियर्स (१९८६) या खेळात दांडा १२ ठरावीक खाचांमध्ये फिरतो. बाहेरून हे साधन स्पिनरसारखे भासले तरी एकाच्या जागी दुसरे बसवून खेळ मूळ रीतीने चालत नाही.

इतिहास

अटारी २६०० या घरगुती यंत्रासाठी १९७७ मध्ये इंडी ५०० या खेळासोबत अखंड फिरणारा नियंत्रक देण्यात आला. डेव्ह थ्युरर यांनी रचलेला टेंपेस्ट १९८१ मध्ये आला. त्यात खेळाडू एका नळीसारख्या आकृतीच्या काठावरून फिरतो. बॅली मिडवेच्या ट्रॉन (१९८२) मध्ये डाव्या हाताला स्पिनर आणि उजव्या हाताला ट्रिगर असलेली जॉयस्टिक होती. डिस्क्स ऑफ ट्रॉन (१९८३) मध्ये मूठ वर ओढून किंवा खाली दाबून नेमही बदलता येत असे. तैतो कंपनीचा अर्कनॉइड १९८६ मध्ये आला. त्याच वर्षीच्या सुपर स्प्रिंट या शर्यतीच्या खेळातील चाकही अखंड फिरणारे असल्याने तो खेळ स्पिनरवर खेळता येतो.

जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणारी मेम ही प्रणाली १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर घरगुती कॅबिनेटसाठी स्पिनर बनवण्याचा छंद वाढला.

रचना आणि कार्य

स्पिनरच्या शाफ्टवर खाचा असलेली चकती असते. चकतीच्या एका बाजूला प्रकाशस्रोत आणि दुसऱ्या बाजूला दोन संवेदक असतात. दोन्ही संवेदकांचे संकेत एकमेकांपासून पाव आवर्तनाने मागे-पुढे असतात. कोणता संकेत आधी बदलला यावरून फिरण्याची दिशा कळते. एका आवर्तनात संकेतांच्या चार अवस्था मोजता येतात. म्हणून एका फेऱ्यात ६०० स्पंद देणाऱ्या एन्कोडरकडून प्रत्येक फेऱ्याला २४०० नोंदी मिळू शकतात. या नोंदी लहान परिपथामार्फत यूएसबीने संगणकाकडे जातात. संगणक त्यांना माऊसच्या आडव्या हालचालीसारखे वाचतो.

निवडीचे निकष

एका फेऱ्यातील नोंदी जितक्या जास्त तितका स्पिनर चांगला, हा समज अपुरा आहे. नोंदी फार कमी असल्यास हालचाल टप्प्याटप्प्याने होते. त्या जास्त असल्यास परिपथाला त्या वेगाने मोजता यायला हव्यात. २४०० नोंदींचा स्पिनर सेकंदाला ५ फेरे फिरला तर सेकंदाला १२,००० नोंदी होतात. यूएसबीने सेकंदाला १२५ वेळा माहिती पाठवली तर प्रत्येक खेपेला ९६ नोंदी जातात. आठ बिटांच्या माऊस-संदेशात एका दिशेला कमाल १२७ नोंदी मावतात. वेग दुप्पट झाल्यास प्रत्येक खेपेच्या १९२ नोंदी त्या मर्यादेत बसत नाहीत. मग काही नोंदी गळतात किंवा पडद्यावरील वस्तू उलट दिशेला जाते. या दोषाला 'बॅकस्पिन' म्हणतात. म्हणून एन्कोडर आणि परिपथ यांची निवड एकत्रित करावी लागते.

दुसरा निकष शाफ्टच्या मापाचा आहे. औद्योगिक एन्कोडरचा शाफ्ट बहुधा ६ मिमी असतो, तर अनेक आर्केड मुठी पाव इंचाच्या, म्हणजे ६.३५ मिमी शाफ्टसाठी असतात. अशी मूठ ६ मिमी शाफ्टवर सैल बसते आणि फिरताना डगमगते. त्यावर पातळ बुश बसवणे किंवा लेथवर योग्य छिद्राची मूठ करून घेणे हे उपाय आहेत. प्लायवूडची फळी १८ मिमी जाड असल्यास शाफ्ट पुरेसा वर येत नाही. तेव्हा फळी खालून कोरावी लागते किंवा स्पिनर धातूच्या पट्टीवर बसवावा लागतो.

फेरबदल

मुठीचा स्पर्श मुख्यतः तिच्या जडत्वावर अवलंबून असतो. वस्तुमान तेच ठेवून वजन अक्षापासून दुप्पट अंतरावर नेल्यास जडत्व आघूर्ण चौपट होते. टेंपेस्टमध्ये एका झटक्याने दूर जायचे असते, तेथे जड मूठ किंवा शाफ्टवरील गतिपालक चक्र उपयोगी पडते. अर्कनॉइडमध्ये चेंडूखाली अचूक थांबावे लागते, तेथे हलकी मूठ सोयीची असते. दोन्ही खेळ एकाच कॅबिनेटमध्ये हवे असल्यास मध्यम वजनाची किंवा सहज बदलता येणारी मूठ निवडतात. घट्ट ग्रीस भरलेल्या बेअरिंगमुळे मूठ लवकर थांबते. पातळ तेल वापरल्यास ती जास्त वेळ फिरते.

मेममध्ये माऊसचे इनपुट सुरू करून प्रत्येक खेळासाठी संवेदनशीलता आणि दिशा स्वतंत्रपणे ठरवता येते. एका खेळासाठी योग्य ठरलेला आकडा दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही, कारण मूळ यंत्रांतील चकत्या आणि गिअर वेगवेगळे होते.

चाचणी

मुठीवर आणि फळीवर एकमेकांसमोर खूण करतात. टेंपेस्टच्या पहिल्या, वर्तुळाकार पातळीत मूठ सावकाश काही फेरे पुढे आणि तितकेच फेरे मागे फिरवतात. खुणा जुळल्यावर पडद्यावरील वस्तूही आरंभीच्या जागी यायला हवी. हीच कृती वेगाने करून पाहतात. केवळ वेगात फरक पडला तर नोंदी गळत आहेत असे समजावे. हा दोष संवेदनशीलता बदलून जात नाही; त्यासाठी परिपथ किंवा एन्कोडर बदलावा लागतो.

देखभाल

चकतीवर धूळ बसल्यास प्रकाश अडतो आणि नोंदी चुकतात. वर्धा शहरालगतच्या सिंदी मेघेसारख्या विदर्भातील गावांत उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. अशा हवामानात बंदिस्त आवरणाचा एन्कोडर आणि कॅबिनेटमध्ये हवा खेळती ठेवणारा पंखा उपयुक्त ठरतो. कॅबिनेटला २३० व्होल्ट वीजपुरवठा होत असल्याने धातूच्या भागांना अर्थिंग देणे आवश्यक असते.

कायदेशीर बाजू

स्पिनर बनवण्यावर किंवा बसवण्यावर बंधन नाही. खेळांच्या प्रतींचा प्रश्न वेगळा आहे. भारताच्या प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये संगणक प्रणालीचा समावेश साहित्यकृतींत होतो. त्यामुळे एखादा खेळ बाजारातून गेला म्हणून त्याच्यावरील हक्क संपत नाहीत.

हे सुद्धा पहा

* जॉयस्टिक
* व्हिडिओ गेम
* संगणक माऊस