धुराड्यांतील मुले आणि स्वातंत्र्याचा प्रश्न

कर्करोग टाळण्यासाठी शासनाने नागरिकांच्या जीवनात किती हस्तक्षेप करावा, हा प्रश्न आपल्याकडे तंबाखू आणि गुटख्याच्या निमित्ताने वारंवार चर्चिला जातो. एका बाजूला सार्वजनिक आरोग्य, तर दुसऱ्या बाजूला व्यक्तीचे आणि व्यापाराचे स्वातंत्र्य, अशी त्याची मांडणी होते. हाच वाद इंग्लंडमध्ये एकदा शंभर वर्षे चालला होता. त्याचा विषय होता धुराड्यातील काजळी.

१६६६ च्या भीषण आगीनंतर लंडन शहर नव्याने बांधले गेले. घरोघरी दगडी कोळसा जळू लागला आणि धुराडी अरुंद, वाकडीतिकडी झाली. काही धुराड्यांची रुंदी १४ इंच आणि खोली अवघी ९ इंच असे. त्यांत मोठा माणूस शिरणे अशक्य होते. म्हणून सहा-सात वर्षांची मुले आत चढवली जात. कोपरे आणि गुडघे टेकत ती वर सरकत व काजळी खरवडून खाली पाडीत. त्या काळी गरिबांच्या पोषणाची जबाबदारी तेथील धर्मग्रामांकडे असे. अनाथ आणि निर्धन मुलांना तेथील अधिकारीच उमेदवार म्हणून या धंद्यातील धन्यांच्या हवाली करीत. ज्यांनी सांभाळायचे, त्यांनीच मुलांना धुराड्यात पाठवले, ही गोष्ट आजही मनाला बोचते.

१७७५ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. धुराडी साफ करणाऱ्यांना वयात आल्यावर वृषणकोशाच्या त्वचेचा कर्करोग होतो आणि त्याचे मूळ तेथे साचणाऱ्या काजळीत आहे, असे त्यांनी दाखवून दिले. विशिष्ट व्यवसायामुळे कर्करोग होतो, हे वैद्यकशास्त्राने प्रथम ओळखले ते येथे. पॉट यांनी केवळ रोगाचे वर्णन केले नाही. या मुलांच्या वाट्याला येणारी थंडी, उपासमार आणि क्रूर वागणूक हीसुद्धा त्यांनी करुणेने नोंदवली.

कारण समजले होते, परंतु उपाय मात्र झाला नाही. १७८८ च्या कायद्याने उमेदवाराचे वय किमान आठ वर्षे ठरवले. तो कागदावरच राहिला. १८०३ पासून लांब दांड्याचे यांत्रिक ब्रश उपलब्ध झाले. तरी घरमालक म्हणत, यंत्राने सामान खराब होते आणि वाकडी धुराडी नीट साफ होत नाहीत. धुराडी बदलून घ्यायची तर खर्च त्यांच्यावर पडणार होता. १८१९ साली मुलांचे चढणे थांबवणारे विधेयक उमरावसभेत फेटाळले गेले. अशा सुधारणा कायद्याने न लादता लोकांच्या नैतिक भावनेवर सोडाव्यात, असा युक्तिवाद लॉर्ड लॉडरडेल यांनी केला. १८४० च्या कायद्याने एकवीस वर्षांखालील कोणालाही धुराड्यात चढवण्यास बंदी केली. पण अनेक घरमालकांनी व न्यायाधीशांनी त्याकडे काणाडोळा केला.

फेब्रुवारी १८७५ मध्ये केंब्रिजजवळील फुलबोर्न येथे जॉर्ज ब्रूस्टर हा अकरा वर्षांचा मुलगा धुराड्यात अडकला आणि मरण पावला. त्याच्या धन्याला शिक्षा झाली. लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी पुन्हा विधेयक मांडले. या धंद्यासाठी दरवर्षी पोलिसांचा परवाना आवश्यक करणारा कायदा त्याच वर्षी संमत झाला, आणि मुलांचे चढणे अखेर थांबले. पॉट यांच्या ग्रंथाला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती.

या शतकात स्वातंत्र्याचा जयघोष पुष्कळ झाला. परंतु ते स्वातंत्र्य घरमालकाचे आणि धन्याचे होते. ज्याच्या त्वचेत काजळी मुरत होती, त्या मुलाची इच्छा कोणी विचारली नाही. स्वातंत्र्याचा थोर पुरस्कर्ता जॉन स्टुअर्ट मिल यानेही १८५९ साली आपले तत्त्व मांडताना दोन मर्यादा सांगितल्या होत्या: इतरांना होणारी इजा टाळण्यासाठी सत्तेने हस्तक्षेप करणे योग्य आहे, आणि हे तत्त्व मुलांना लागू नाही.

प्रत्येक वेळी बंदी हाच उपाय असतो, असेही नव्हे. १८९२ साली हेन्री बटलिन या शल्यविशारदाने युरोपातील इतर देशांत चौकशी केली. तेथील कामगारांना हा रोग क्वचितच होई, कारण ते अंगभर संरक्षक कपडे घालीत आणि शरीर स्वच्छ ठेवीत. धंदा चालू ठेवूनही माणूस वाचवता येत होता.

पुढे १९१५ साली जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना डांबर लावून कर्करोग निर्माण करून दाखवला. १९३३ साली लंडनमधील संशोधकांनी डांबरातील बेंझोपायरीन हे कर्करोगकारक द्रव्य वेगळे काढले. हेच द्रव्य तंबाखूच्या धुरातही असते. धुराड्यातील तो जुना प्रश्न अशा रीतीने आपल्या ओसरीवर येऊन ठेपला आहे.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर बंदी घातली, ती धूम्रपान न करणाऱ्याच्या श्वासाचा हक्क ओळखून. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास मनाई केली. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. प्रौढ माणसाने स्वतःच्या घरात काय करावे, हा प्रश्न याने सुटत नाही. तेथे कायद्यापेक्षा समजावणीचा आणि व्यसन सोडवणाऱ्या हाताचा उपयोग अधिक. परंतु शेजाऱ्याची हवा आणि शाळकरी मुलाचे तोंड यांचा संबंध येतो, तेथे १८१९ चा युक्तिवाद पुन्हा ऐकू येऊ लागतो. तेव्हा आपण एवढेच विचारावे: स्वातंत्र्य कोणाचे, आणि किंमत मोजणारे शरीर कोणाचे?