गेटच() कुठे गेलं?



पुणे विद्यापीठातून इंजिनियरिंग केलेल्या कोणालाही विचारा, सी च्या प्रोग्रामची शेवटची ओळ कोणती? उत्तर ठरलेलं: गेटच(). का लिहायची? "नाहीतर आउटपुट दिसत नाही." बस्स, एवढंच. ६४-बिट विंडोजवर टर्बो सी चालेनासं झालं, तर आमच्या लॅबने ते डॉसबॉक्समध्ये चालवलं, पण गेटच() काही सोडलं नाही :)

मग हिंजवडीत नोकरी लागते, समोर लिनक्स येतं आणि कंपायलर म्हणतो, कोनिओ.एच नावाची फाइलच नाही! खरं तर गेटच() सी च्या स्टँडर्डमध्ये कधी नव्हतंच. बोरलँडच्या टर्बो सी (१९८७) सोबत मिळणारी ती डॉसवाल्यांची सोय. डॉसवर एक माणूस आणि एक मशीन. इंटरप्ट २१, फंक्शन ८ ला सांगितलं की दाबलेलं बटण स्क्रीनवर न दाखवता थेट प्रोग्रामच्या हातात.

युनिक्सचं घराणं वेगळं. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये ते जन्मलं तेव्हा समोर टेलिटाइप होता. मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं कागदावर ठोकायचा. कागदावरचं अक्षर खोडणार कसं? म्हणून # दाबलं की आधीचं अक्षर रद्द, @ दाबलं की अख्खी ओळ रद्द. हा हिशोब प्रत्येक प्रोग्रामने वेगळा ठेवण्यापेक्षा कर्नलने स्वतःकडे घेतला. एंटर येईपर्यंत ओळ त्याच्यापाशी, मग प्रोग्रामकडे. एका मशीनवर अनेक जण असताना दर अक्षराला प्रोग्राम उठवण्यापेक्षा हे स्वस्तही पडायचं. टेलिटाइप गेले, पण ही पद्धत आजही आहे!

पुढे व्हीआय (१९७६) सारख्या एडिटरना प्रत्येक बटण लगेच हवं झालं. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत सीब्रेक मोड आला आणि १९८८ मध्ये पॉसिक्सने टर्मिऑस प्रमाण केलं. आजची कृती तीच: जुनी सेटिंग्ज जपून ठेवा, आयकॅनन आणि एको बंद करा, व्हीमिन १ आणि व्हीटाइम ० ठेवा, वाचा, आणि जाताना सगळं पूर्ववत करा. प्रोग्राम मध्येच मेला तर टर्मिनल मुकं होतं. तेव्हा न घाबरता, न दिसता 'एसटीटीवाय सेन' टाइप करून एंटर मारायचं.

आता म्हणाल, एका एंटरने काय बिघडतं? चाकणच्या एका छोट्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावरचा डॉस प्रोग्राम लिनक्सवर आणलेला मी पाहिला. पूर्वी पार्ट बघा, वाय किंवा एन दाबा, पुढचा घ्या. नव्यात वाय आणि मग एंटर. ऑपरेटरदादांच्या हातात ग्लोव्हज, बोटांना वर्षांची सवय. ते वाय दाबायचे, स्क्रीन हलायची नाही, म्हणून परत वाय, मग आठवून एंटर. प्रोग्राम एकेक अक्षर उचलणारा. पहिला वाय या पार्टचा, आणि उरलेला दुसरा? पुढच्या पार्टचा! म्हणजे कोणी हात न लावलेला पार्ट 'पास'. दादांचं काहीच चुकलं नव्हतं. उपाय दोन ओळींचा: आयकॅनन बंद, आणि दर प्रश्नाआधी टीसीफ्लशने साठलेलं फेकून देणं.

तिथेच कोणीतरी म्हणालं, वाय ऐवजी 'हो' चा 'ह' ठेवूया. चांगली कल्पना! पण १९९१ च्या इस्की प्रमाणात १ बाइटमध्ये मावणारा 'ह' युटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतो. एकच बाइट वाचलात तर एक तृतीयांश 'ह' हाती लागेल ;)

तेव्हा मंडळी, बोट आणि प्रोग्राम यांच्यामध्ये कोणीतरी बसलेलं असतं. कॉलेजात गेटच() ने त्याची कधी ओळखच होऊ दिली नाही. शॉप फ्लोअरवर प्रोग्राम पाठवण्याआधी ती करून घेतलेली बरी.