भिंतीचा रंग : उजळ कीं गडद ?

घराला उजळ रंग द्यावा कीं गडद, हा प्रश्न आज हौसेचा मानला जातो. परंतु पश्चिम खानदेशांत, म्हणजे १९९८ सालीं धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याच्या मुलखांत, त्याचें उत्तर पूर्वीं हौसेनें नव्हे, तर ऊन, धूर आणि रोगराई यांनीं दिलें.

तापीकांठच्या सपाटीवर मातीच्या जाड भिंतींचीं धाब्याचीं घरें असत. सातपुड्याच्या डोंगरांत कुडाच्या, शेणामातीनें लिंपलेल्या भिंती. लिंपणाचा रंग मुळांतच गडद. त्यांत चुलीच्या धुरानें आढें काळवंडे. अशा घरांत सणासुदीला पांढऱ्या मातीचा हात फिरविणें ही केवळ शोभा नव्हती. लहान खिडकींतून येणारा थोडासा उजेड त्या भिंतीच घरभर पसरवीत.

गांवांतील ऐपतदारांनीं चुना पत्करला. चुनखडी भट्टींत भाजावी, पाण्यांत विझवावी आणि पातळ करून भिंतीवर फांसावी. मग हवेंतील कर्बवायु शोषून ती पुन्हां खडीसारखी घट्ट होते. पिवळसर झांक मारण्यासाठीं तींत चिमूटभर नीळ घालीत. पांढरा पृष्ठभाग उन्हाचा मोठा भाग परतवितो, गडद पृष्ठभाग तें पिऊन तापतो. वैशाखांत खानदेशी माणसाला हें शास्त्र पुस्तकावांचून कळे.

पुढें चुन्याला सरकारी हुकुमाचें बळ आलें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला, १८९७ सालीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला आणि घरें धुवून त्यांना चुना देण्याची मोहीम निघाली. पांढरी भिंत म्हणजे निरोगी घर, ही समजूत तेव्हां दृढ झाली. परंतु १८९८ सालीं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें कराचींत प्रयोग करून दाखविलें कीं, प्लेग उंदरांवरील पिसवांमुळें पसरतो. ताजा चुना कित्येक जंतु मारतो हें खरें. पण भिंतीपलीकडच्या बिळांतील उंदरावर त्याचा इलाज चालत नाहीं. पांढऱ्या भिंतीचा खरा गुण हा कीं, ती मळ लपवीत नाहीं.

त्यानंतर तैलरंगांचे डबे आले आणि उजळपणाला दुसरी बाजू असल्याचें दिसलें. जुन्या पांढऱ्या तैलरंगांत शिशाचा सफेता असे, व तें शिसें रंगाऱ्याच्या आणि लहान मुलांच्या शरीरांत विष कालवी. १९२१ सालीं जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेनें घरांच्या आंतील रंगकामांत त्याला बंदी घालणारा करार केला. भारतांत मात्र घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी ठरविणारे नियम २०१६ सालीं झाले. कांहीं झगझगीत पिवळ्या व तांबड्या रंगांतही शिसें असतें. म्हणून केवळ छटा पाहून रंगाची पारख होत नाहीं.

जुन्या घरांनीं या वादाचा निवाडा भांडणावांचून केला होता. भिंत पांढरी, पण तळाशीं हातभर गेरूचा पट्टा; कारण पावसाचा चिखल तेथेंच उडतो. दारें सागवानी, तेलानें काळसर झालेलीं. कारण हात तेथेंच लागतो. जेथें ऊन, तेथें उजळ. जेथें मळ, तेथें गडद. घराचा रंग भिंतीच्या कामावरून ठरवावा, ही त्या कारागिरांची शिकवण आजही जुनी झालेली नाहीं.