आठ मिलिमीटरचं वेषांतर

उत्तरेकडच्या हिंदी वर्तमानपत्रांत गोळीबाराच्या बातमीत एक ओळ हमखास असते. घटनास्थळी ३१५ बोरचं रिकामं काडतूस मिळालं आणि त्याच्या बुडावर ‘८ एमएम केएफ’ असा ठसा होता. केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपल्या खडकीचा १८६९ सालचा दारूगोळा कारखाना. तेवढं समजतं. पण बोर इंचांत आणि ठसा मिलिमीटरमध्ये, हे काय गौडबंगाल? आठाला २५.४ नं भागलं की उत्तर येतं ०.३१५. म्हणजे हा आकडा मुळात मेट्रिक मापाचा. इंग्रजी अंगरखा त्याला नंतर चढवला. हा हिशेब सुटला तेव्हापासून मी या बोरच्या मागे आहे.

हिंदुस्थानात बेताच्या खिशाला परवडणारी लष्करी बाजाची रायफल म्हणजे हीच, तीनशे पंधरा. पनवेलजवळ नेऱ्याकडे किंवा शिरढोणकडे चार गुंठे घेतलेल्या निवृत्त माणसाला एखादी जुन्या घाटाची, बोल्ट ओढून भरायची रायफल हवी असेल, तर त्याच्यापुढे फार वाटा नाहीत. सिनेमात आणि पोलिसांच्या खांद्यावर पाहिलेली थ्री नॉट थ्री त्याला मिळायची नाही. ती निषिद्ध बोरची. विलायती शिकारी रायफलींची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यात बंद झाली, त्यामुळे त्याआधी आलेल्या नगांच्या किमती विचारूच नयेत. उरते सरकारी कारखान्याची ३१५ स्पोर्टिंग रायफल. ती हातात घेतली की जाणकार हसतो. बोल्ट तोच, घोडा तोच, सेफ्टीचा खटका तोच. लष्कराची ली-एनफिल्डच ती, फक्त पुढचं लाकूड कापलेलं आणि पोटात भलतंच काडतूस.

ली-एनफिल्डची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, एका ओळीत उरकतो. स्कॉटलंडमध्ये जन्मून अमेरिकेत रमलेल्या जेम्स पॅरिस लीचा बोल्ट, १८९५ मध्ये त्याला जोडलेली एनफिल्डच्या आट्यांची नळी, १९०७ चं मार्क थ्री रूप आणि मग कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या कारखान्यातून निघालेल्या रायफली. मला रस आहे तो पोटातल्या भलत्या काडतुसात.

ते ऑस्ट्रियाचं आहे. फर्डिनंड मान्लिखर हा रेल्वेतला इंजिनिअर. त्याच्या रायफलीसाठी ऑस्ट्रिया-हंगेरीनं १८८८ मध्ये आठ मिलिमीटरचं, काळ्या दारूचं काडतूस घेतलं आणि लगेच १८९० मध्ये बिनधुराच्या दारूचं केलं. जाणकार त्याला ८ बाय ५० आर म्हणतात: आठ मिलिमीटर बोर, पन्नास मिलिमीटर पितळी नळकांडं आणि ‘आर’ म्हणजे बुडाला बाहेर आलेली कड. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाचे सैनिक हेच काडतूस इंग्रजांच्या दोस्तांवर झाडत होते. शत्रूचं काडतूस आपल्या बोल्टखाली घालून इंग्रज कारखानदारांनी ते हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांना विकलं. (ली आणि मान्लिखर दोघेही १९०४ च्या पहिल्या दोन महिन्यांत वारले. एकाच्या रायफलीत दुसऱ्याचं काडतूस शंभर वर्षं नांदणार आहे, याची कल्पना दोघांनाही नसणार.)

आता हे असं का झालं? इथे मतं फुटतात.

पहिलं मत बंदुकांच्या दुकानांत चालतं: लष्करातल्या झिजलेल्या ३०३ नळ्या थोड्या रुंद करून आठ मिलिमीटरच्या केल्या, काटकसर झाली, नागरिकांची सोय झाली. ऐकायला झकास आहे. नळीतला फरक तरी केवढा? इंचाचे बारा सहस्रांश, म्हणजे सुमारे ०.३ मिलिमीटर. पण नुसती नळी रुंद केली असती तर काडतुसाची खोबण तशीच राहिली असती, ३०३ च्या ५६ मिलिमीटर नळकांड्याची. आणि ३१५ चं नळकांडं पन्नासाचं आहे, शिवाय बुडाशी जास्त जाड. खोबण मुद्दाम वेगळी कोरलेली आहे. काटकसर करणारा माणूस हा उद्योग करत नाही.

दुसरं मत म्हणतं, आठ मिलिमीटर म्हणजे जर्मन माऊझर. हे तर पाच मिनिटंही टिकत नाही. माऊझरचं ८ बाय ५७ काडतूस बिनकडेचं आहे. लीची पेटी आणि बोल्टचं तोंड कडेच्या काडतुसासाठी घडवलेलं. माऊझर घालायचं तर दोन्ही बदलावं लागलं असतं.

माझं मत असं. हिंदुस्थानातल्या इंग्रज सरकारला माणसाच्या हातात बंदूक असण्यापेक्षा त्या बंदुकीत फौजेचं काडतूस बसण्याची धास्ती जास्त होती. बंदूक एकदा चोरता येते, काडतुसं सतत लागतात. ती पलटणीच्या कोठारातून पाझरत राहिली की बंडखोराचं भागतं. म्हणून लष्करी बोर नागरिकांना बंद. याला भक्कम जोडपुरावा आहे. १९०७ च्या सुमारास सरकारनं ४५० बोरच्या रायफलीही हिंदुस्थानात आणायला बंदी केली, कारण फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीच्या गोळ्या त्या मापाच्या होत्या. वाघ-हत्तींच्या शिकारीवर जगणारे लंडनचे बंदूकवाले हादरले आणि त्यांनी ताबडतोब शेजारची मापं काढली: ४६५, ४७०, ४७५. शिकारी मंडळी आज ज्या ४७० चं कौतुक करतात, त्याचं नशीब हिंदुस्थानातल्या एका बंदीनं उघडलं.

३१५ ही त्याच नात्यातली, फक्त गरीब घरची. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीकडे ली बोल्टच्या शिकारी रायफली तयार होत्या, गिऱ्हाईक हिंदुस्थानात होतं, मधे ३०३ ची बंदी. नवं काडतूस घडवणं खर्चाचं. मग बाजारात तयार असं कोणतं आहे, ज्याला कड आहे, जे लीच्या पेटीत मावेल आणि फौजेच्या मापाचं नाही? मान्लिखरचं. त्याची कड ३०३ च्या कडेपेक्षा अर्ध्या मिलिमीटरनंही मोठी नाही, आणि गोळीसकट लांबी दोनेक मिलिमीटरनं कमी. जणू ठरवून केलेलं स्थळ. शिवाय मान्लिखर हे नाव शिकाऱ्यांना परकं नव्हतं. त्याच्याच २५६ बोरवर इंग्रज साहेब फिदा होते. ही निवड सरकारी फतव्यानं न होता व्यापाऱ्याच्या टेबलावर झाली असं माझं ठाम अनुमान आहे. सरकार ‘हे नको’ एवढंच सांगतं. ‘मग हे घ्या’ असं सांगायला दुकानदार लागतो.

आक्षेप येईल की काडतुसाची भीती हा माझा कल्पनाविलास. मग स्वतंत्र भारताचे १९६२ चे शस्त्र नियम वाचावेत. निषिद्ध रायफल कोणती? ३०३ किंवा ७.६२ मिलिमीटर बोरची, किंवा ज्यात त्या मापाचं लष्करी काडतूस बसेल आणि उडेल अशी कोणतीही. मोजपट्टी काडतुसाची आहे! दुकानातल्या पहिल्या मताचा निकालही इथेच लागतो: नुसती रुंद केलेली ३०३ या व्याख्येत सापडली असती, कारण तिच्यात फौजेचं काडतूस बसलंच असतं. मान्लिखरच्या आखूड खोबणीत ते शिरतच नाही. याच तर्कानं अमेरिकी फौजेचं ३०-०६ हे काडतूस आपल्याकडे परवान्यावर चालतं. त्याची गोळी ७.६२ एवढीच जाड, पण आपल्या फौजेचं ते नव्हे. मेक्सिकोत ४५ चं पिस्तूल फौजेचं म्हणून लोक ३८ सुपर वापरू लागले, तीही हीच कथा.

पनवेलकराला या धास्तीचा उगम घरचाच वाटेल. शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव, आणि त्यांच्या बंडामुळे शस्त्रबंदी आली असा क्रम लावायचा मोह होतो. तारखा मात्र वेगळं सांगतात: लिटनचा शस्त्र कायदा १८७८ चा, बंड १८७९ चं. कायद्याची जरब फडक्यांच्या आधीची. तिचं रूपांतर बोरांच्या यादीत झालं ते मात्र अशा बंडांच्या आठवणीनं, असं मी धरून चालतो.

स्वातंत्र्यानंतर बीएसएची जागा ईशापूरनं घेतली, पुढे तिरुचिरापल्लीच्या कारखान्यानंही. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या आणि हे दोन्ही कारखाने कानपूरच्या एका कंपनीत गेले. मधे एक विनोद घडला. १९६० च्या दशकात ईशापूरनं ली-एनफिल्डला ७.६२ चं रूप देऊन २ए१ नावाची रायफल काढली. ती पुढे निवृत्त माल म्हणून अमेरिकेत गेली आणि तिथल्या बेताच्या खिशाच्या हौशी लोकांनी स्वस्तात घेतली. आपल्या कारखान्याची रायफल टेक्सासच्या शेतकऱ्याला चालते. आपल्याला ती निषिद्ध.

पनवेलमध्ये हौस करायची असेल तर थोडं व्यवहाराचं. शहर नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतं, म्हणून अर्ज आयुक्तांकडे. पेण-खालापूरकरांनी अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, तेव्हा पहिली निवड विचारानं करा. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गेली. कर्नाळ्याच्या जंगलाकडे नळी वळवायची नाही. परवाना हाती येण्याआधी कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नका. जुना नग घेताना नळीवरचा बोरचा ठसा परवान्यातल्या बोरशी ताडून पाहा, आणि शस्त्रांच्या कारागिराकडून नळीतल्या आट्या तपासून घ्या.

आणि एक विनंती. कोणाच्या घरी आजोबांचा जुना शस्त्रपरवाना किंवा बीएसएच्या रायफलीची पावती असेल, तर तिच्यावर ‘३१५ बोर’ लिहिलंय की ‘८ एमएम मान्लिखर’, एवढं पाहून साल कळवावं. पहिलं महायुद्ध सुरू होण्याआधी ‘मान्लिखर’ आणि नंतर ‘३१५’ असं निघालं, तर शत्रूचं नाव पुसायला इंच कामी आले हा माझा उरलेला तर्कही पक्का होईल.