केशवसुत स्मारक, मालगुंड

रत्नागिरी जिल्ह्यातील वाङ्मयीन स्मारक व मराठी कवितेचे कायमस्वरूपी प्रदर्शन. आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक केशवसुत ऊर्फ कृष्णाजी केशव दामले (१८६६–१९०५) यांच्या जन्मगावी कोकण मराठी साहित्य परिषदेने ते उभारले. परिषदेचे संस्थापक मधु मंगेश कर्णिक यांचा त्यात पुढाकार होता. उद्‌घाटन १९९४ मध्ये कवी कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. केशवसुतांची जन्मतारीख ७ ऑक्टोबर व १५ मार्च अशी दोन प्रकारे दिली जाते. वर्षाबाबत सर्वसाधारणपणे एकमत आहे.

स्वरूप : कोकणी धाटणीचे जतन केलेले घर आणि आधुनिक मराठी कवींची छायाचित्रे व काव्यनमुने मांडलेले दालन, हे मुख्य भाग. दालनातील मांडणी केशवसुतांपासून पुढे येते. त्यामुळे त्यांच्याआधीची शाहिरी व पंडिती परंपरा साहजिकच बाहेर राहते.

प्रदर्शनामागील कविता : इंग्रजी रोमँटिक कवितेचा संस्कार मराठीत रुजवणारे कवी म्हणून केशवसुतांचे स्थान निर्विवाद आहे; मात्र त्या संस्काराचे प्रमाण किती, याविषयी समीक्षकांत मतभेद आहेत. पुण्यात टिळक-आगरकरांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते शिकले. आगरकरांच्या सुधारकी विचारांची छाप त्यांच्या सामाजिक कवितांवर स्पष्ट दिसते. ‘मयूरासन आणि ताजमहाल’ (१८९२) हे मराठीतील पहिले सुनीत मानतात. शाहजहानच्या दोन निर्मिती त्यात समोरासमोर ठेवल्या असून, चौदा ओळींच्या परक्या घाटात येथलाच इतिहास बसवण्याची ही खटपट रचनेच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. पुढे रविकिरण मंडळातील कवींनी हा प्रकार लोकप्रिय केला. ‘झपूर्झा’ (१८९३) व ‘सतारीचे बोल’ (१९००) या आत्मनिष्ठ कविता. दुसरीत रात्री उद्विग्न मनःस्थितीत भटकणाऱ्या माणसाच्या कानी सतारीचे सूर येतात. आधी तो चिडतो, मग थबकतो, आणि हळूहळू त्याचे मन निवळत जाते. मनाच्या अवस्थेतील असा बदल टप्प्याटप्प्याने टिपणे मराठी कवितेत तोवर विरळाच होते.

राष्ट्रभावना : काँग्रेसची स्थापना १८८५ मध्ये मुंबईत झाली, ‘एका भारतीयाचे उद्गार’ ही कविता त्यानंतरच्या वातावरणातली. मात्र केशवसुतांचा देश केवळ परसत्तेमुळे दुखावलेला नाही. ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ (१८८८) व ‘मजुरावर उपासमारीची पाळी’ (१८८९) या कवितांत तो आतूनच फाटलेला दिसतो. ‘तुतारी’ (१८९३) रूढींवर चाल करून जाते, तर ‘नवा शिपाई’ (१८९८) मधील नायक जातिपंथांच्या पलीकडे उभा राहतो. राष्ट्र घडायचे तर आधी समाज मोकळा व्हायला हवा, हा त्यांचा क्रम. राजकीय स्वातंत्र्याला अग्रक्रम देणाऱ्या लोकमान्य टिळकांचे रत्नागिरी शहरातील जन्मस्थान पाहून येथे येणाऱ्यास हा फरक विशेष जाणवावा. ‘नैऋत्येकडील वाऱ्यास’ या कवितेत मात्र देश म्हणजे कोकणातले घर एवढाच अर्थ उरतो आणि तीच अनेकांना अधिक जवळची वाटते.

परंपरा : केशवसुतांच्या हयातीत त्यांचा एकही काव्यसंग्रह निघाला नाही. हुबळी येथे ७ नोव्हेंबर १९०५ रोजी प्लेगने त्यांचे निधन झाल्यावर कादंबरीकार हरि नारायण आपटे यांनी त्यांची कविता संपादित करून प्रसिद्ध केली. कवी गोविंदाग्रज स्वतःला केशवसुतांचे चेले म्हणवीत. केशवसुतांचे बंधू मोरो केशव दामले हे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथाचे कर्ते. दामले घराण्याची ही बाजू स्वतंत्र नोंदीस पात्र आहे.

मार्ग : मालगुंड गणपतीपुळ्याला लागून आहे; रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे किनाऱ्याचा रस्ता आहे.